मोरितानं सांगितलं नव्हतं

मी मूळचा अमरावतीकडचा, म्हणजे गाव तिकडं परतवाड्याच्या रस्त्याला, पण वाढलो शहरातच, कारण माझे बाबा एका कॉलेजात ग्राउंडमन होते, मैदानाला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या हे त्यांचं काम, आणि मैदानाच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या होत्या त्यात आम्ही पाच जण. क्रिकेट तं सगळीकडं असतं, पण त्या मैदानाच्या एका कोपऱ्यात सॉफ्टबॉल आणि बेसबॉल चालायचं, आमच्या विदर्भात हे खेळ जुने आहेत, पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं तं खोटं वाटतं. आता तुम्ही म्हणाल बेसबॉल म्हणजे काय, तं मधी मातीचा उंचवटा असतो, त्यावर पिचर उभा राहतो, तो मी, समोर बॅटर, आणि बॅटरच्या मागं उकिडवा बसलेला कॅचर. कॅचर बोटांनी खूण करतो, की हा चेंडू टाक, आणि पिचर तो टाकतो. एवढं ध्यानात ठेवा ताई, बाकी काही समजलं नाही तरी माझी गोष्ट समजेल.

मला कोणी शिकवलं नाही. कॉलेजच्या पोट्ट्यांना बॅटिंगचा सराव पाहिजे आणि तासन्‌तास चेंडू फेकत राहायला कोणी तयार नसे, मग ते बाबांना म्हणायचे तुमच्या प्रकाशला पाठवा, आणि मी शाळेतून आलो की दप्तर टाकून फेकायला उभा, दोनशे फेक, तीनशे फेक, हात दुखतो हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं हात असाच असतो. अकरावीत गेलो तेव्हा ज्यांना सराव द्यायचो त्यांना माझा चेंडू लागेनासा झाला. मग टीममध्ये घेतलं. जिल्ह्यात खेळलो, विद्यापीठात खेळलो, आणि राज्याच्या संघाची यादी लागली तेव्हा त्यात माझं नाव होतं, बाबांनी ते दोनदा वाचलं, बोट ठेवून.

आणि स्टेशनावर काय झालं सांगतो. बॅग घेऊन गेलो, आईनं दशम्या बांधून दिलेल्या, बाबा सोडायला आलेले, तं मॅनेजरच्या हातात दुसरी यादी, टाईप केलेली, नवी, आणि तीत माझं नाव नाही. माझ्या जागी एका पदाधिकाऱ्याच्या भावाचा मुलगा. मॅनेजर म्हणाले काही तरी गोंधळ झालेला दिसतो, पुढच्या वर्षी बघू, आणि असं म्हणताना त्यांनी मला परत एकदा माझं आडनाव विचारलं. मी ते सांगितलं. ते अच्छा म्हणाले. त्या अच्छाचा अर्थ तुम्हाला मी समजावून सांगायला नको. परत येताना बाबा म्हणाले, पाह्य प्रकाश, भांडू नको, भांडून तुले कोणी गाडीत घेणार नाही, पण आजपासून कोणाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नको, कोण कोणाले भेटून राहिला, काऊन भेटून राहिला, डोळे उघडे ठेव. मी ठेवले. ताई, तुमच्यासारखे लोक हसतात, सुजाताही हसते, म्हणते तुम्ही डॉक्टरनं ताप नाही म्हटलं तरी थर्मामीटर बदलून बघता. पण ती माझी जन्माची खोड नाही, मी ती शिकलो आहे, एका प्लॅटफॉर्मवर उभं राहून. तुम्ही मला फोन केला की तुमच्या आयुष्याबद्दल लिहायचं आहे, तेव्हा मी आधी इथल्या मराठी मंडळातल्या दोघांना विचारलं ही बाई कोण, हे कशाला लिहून राहिली. राग मानू नका.

बरं. पुढं मी बी.पी.एड. करत होतो तेव्हा एक म्हातारे जपानी कोच आमच्याकडं महिनाभर शिबिराला आले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं ताणून पाहिली, लांब आहेत माझी, हे बघा, आणि मला फोर्क शिकवला. फोर्क म्हणजे पहिली दोन बोटं जितकी फाकतील तितकी फाकवायची आणि मधी चेंडू खुपसायचा. येताना तो साध्या वेगवान चेंडूसारखाच येतो, आणि बॅटरपाशी आला की खाली पडतो, पायाखालची फळी निघाल्यासारखा. बॅटर हवेत बॅट फिरवतो. पण यात एक मेख आहे, बॅटरनं ओळखलं की हा फोर्क आहे तं तो बॅट फिरवतच नाही, सोडून देतो, आणि मग तो चेंडू फुकट. सगळा खेळ न ओळखण्याचा आहे.

जाताना ते म्हणाले जपानमध्ये मोठ्या लीगच्या खाली छोट्या लीग आहेत, पगारी, तिथं चाचणीला ये, मी पत्र देतो. आता आमच्या घरात काय झालं असेल विचार करा. काका म्हणाले कोणी फुकट कशाला नेईल, किडनी काढून घेतात. आई रडायला लागली. मी स्वतः करार तीन जणांकडून वाचून घेतला, एक इंग्रजीचे प्राध्यापक, एक वकील आणि एक पोलीस. मग गेलो. चाचणी दिली, घेतलं मला. चोविसाव्या वर्षी मी व्यावसायिक पिचर झालो, बेसबॉल खेळायचा आणि त्याचाच पगार, आमच्या जिल्ह्यात असं कोणी ऐकलेलं नव्हतं.

समुद्राकाठचं लहान शहर होतं. क्लबनं खोली दिलेली, सायकल दिलेली. त्या सायकलवर मला पोलिसानं सहा महिन्यांत तीनदा थांबवलं, नम्रपणे हं, वाकून, की सायकल कोणाची आहे. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची. म्हणजे संशय तिथंही होताच, फक्त आवाज न करता. त्या सगळ्या शहरात एकच माणूस माझ्या शेजारी येऊन बसायचा, तो म्हणजे मोरिता, माझा कॅचर.

मोरिता माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बुटका, खांदे असे, कान चेंडू लागून मुडपलेले. त्याला इंग्रजी येईना, मला जपानी येईना. एक बोट म्हणजे वेगवान, दोन बोटं म्हणजे फोर्क, एवढीच आमची भाषा, पण काय सांगू तुम्हाला, दोन सीझन आम्ही त्या एवढ्या भाषेवर काढले आणि मला कधी कमी पडली नाही. माझा फोर्क मातीत आपटायचा आणि तो छातीवर घ्यायचा, सुटू द्यायचा नाही. एकदा बापाच्या संत्र्याच्या बागेत घेऊन गेला मला, तिकडं त्याला मिकान म्हणतात, मी खुणेनं सांगितलं की आमच्याकडंही संत्रीच, तं त्याचा बाप इतका खूश झाला की मला झाडांच्या ओळीओळीतून फिरवून आणलं. माझ्या आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी मोरितानं भाताबरोबर खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ली.

तिसऱ्या सीझनला गडबड सुरू झाली. बॅटर माझा फोर्क सोडायला लागले. एखादा नाही, सगळे. दोन बोटांची खूण झाली, मी टाकला, की बॅट जागची हलत नाही. आणि वेगवान टाकला की तुटून पडायचे. एका मॅचला मोठ्या लीगचे दोन जण मला बघायला आलेले होते, क्लबनं मला सांगितलं होतं की नीट टाक, पुढच्या वर्षी तू कदाचित इथं नसशील. त्या मॅचला मला एका डावात सात धावा बसल्या. ते दोघं मधूनच उठून गेले, मी उंचवट्यावरून बघितलं त्यांना पायऱ्या उतरताना.

आता तुम्हीच सांगा. कोणता चेंडू येणार हे जगात दोनच माणसांना माहीत, एक मी आणि एक मोरिता. मी तं कोणाला सांगितलं नाही. मग राहिलं कोण.

तरी मी स्वतःला समजावत होतो. पण चार दिवसांनी सुट्टी होती, दुपारी मी बाजारातून येत होतो, तं नूडल्सच्या दुकानाच्या काचेतून मला मोरिता दिसला, आणि त्याच्यासमोर कोण, तं त्याच विरुद्ध टीमचा डावखुरा बॅटर, ज्यानं मला त्या दिवशी सगळ्यात जास्त मारलं. दोघं हसत होते. तो डावखुरा हातवारे करून काही तरी दाखवत होता, आणि मोरिता मान डोलावत होता. मी सायकल धरून तिथं उभा राहिलो, मला स्टेशनावरचे मॅनेजर दिसायला लागले, ती टाईप केलेली यादी दिसायला लागली. आत जाऊन विचारावं असं मला वाटलं नाही. लोक म्हणतात का नाही विचारलं. कारण मला उत्तर माहीत होतं ना, माहीत असलेल्या गोष्टीचं काय विचारायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या आधी मी क्लबच्या मॅनेजरकडं गेलो. दुभाष्या म्हणून एक बाई यायच्या, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी म्हटलं मोरिता समोरच्यांना आमच्या खुणा विकून राहिला आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या बाई मला म्हणाल्या प्रकाश-सान, तुमची खात्री आहे का, मी हे भाषांतर केलं की परत घेता येणार नाही. मी म्हटलं खात्री आहे. मग त्यांनी सांगितलं. मॅनेजरनं मोरिताला बोलावून घेतलं. तो ग्लव्ह घेऊनच आला, मैदानातून. त्याला विचारलं काल तू अमक्याला भेटलास का, तो म्हणाला हो. काय बोललात. त्यानं माझ्याकडं बघितलं, असं सरळ, आणि काही बोलला नाही. मग वाकला आणि बाहेर गेला. मी मनात म्हटलं, पकडला गेला, म्हणून तोंड उघडत नाही. आठवडाभरात त्याला क्लबनं सोडलं. तसा डाग लागलेला कॅचर दुसरं कोण घेणार, विश्वासाची जागा आहे ती. गेला तो बापाच्या बागेत.

आणि गंमत बघा ताई, मोरिता गेला, नवा कॅचर आला, खुणा बदलल्या, तरी ते मला मारतच राहिले. शहाणा माणूस असता तं तिथंच थांबला असता, की अरे, आता तं मोरिता नाही. मी काय विचार केला माहीत आहे, मी म्हटलं यानं आता सगळ्याच टीमना सांगितलं, जाता जाता सूड घेतला. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तरात मोरिताच होता. मी जोर लावून टाकायला लागलो, अजून जोर, आणि शरद ऋतूत एका सकाळी कोपरात दोरी तुटल्यासारखा आवाज आला. मला ऐकू आला तो आवाज. हात पट्ट्यात अडकवला, महिनाभर थांबलो, आणि घरी आलो. सत्तावीस वर्षांचा होतो. झालं करिअर.

घरी आल्यावर लोक विचारायचे काय झालं रे, मी म्हणायचो कॅचरनं फितुरी केली. दरवेळी तेच. मुलगी बघायला गेलो तेव्हा सुजाताच्या वडिलांनाही तेच सांगितलं. सुजाता तेव्हा एम.टेक. करून नोकरीला लागलेली, तिला माझं काय आवडलं मला अजून समजलेलं नाही, विचारलं तं म्हणते तुम्ही चहा पिण्याआधी कपाचा वास घेतला, मला वाटलं असा सावध माणूस दारू पिणार नाही. तिला इकडची, सिंगापूरची, नोकरी लागली तेव्हा मुलगी सहा महिन्यांची, संघमित्रा, आम्ही मित्रा म्हणतो. मी तिच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर आलो, पहिली काही वर्षं घर आणि पोट्टी सांभाळली, मग पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, झाल्यावर इकडं एका स्पोर्ट्स हॉलमध्ये लागलो, कोर्टं लावणं, नेट बांधणं, वेळा बघणं. म्हणजे बाबांचंच काम, फक्त एअरकंडिशनमध्ये. सुजाता रोज सेम्बावांगहून चांगी बिझनेस पार्कला जाते, एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, तिनं कधी कुरकुर केली नाही. मी मात्र इथंही तसाच. चिनी नववर्षाला शेजारच्या आँटींनी दाराशी संत्र्यांची पिशवी ठेवली, तं मी दोन दिवस ती उचलली नाही, कोणी ठेवली, काऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी सुजातानं आँटींना जाऊन विचारलं, त्या म्हणाल्या फॉर गुड लक लाह, हा लाह इकडं सगळ्यांच्या बोलण्यात शेवटी येतो. सुजातानं घरी येऊन दोन संत्री सोलून माझ्यासमोर ठेवली.

आता मित्राकडं येतो. इकडच्या शाळांमध्ये मुलींचं सॉफ्टबॉल जोरात असतं. मित्रा सेकंडरी वनला, म्हणजे आपल्या सातवीला, गेली आणि येऊन म्हणाली पप्पा, मी सॉफ्टबॉल घेतलं, पिचर. मी तिला शिकवायला लागलो, मैदानात, ब्लॉकमागच्या गवतावर. सॉफ्टबॉलमध्ये खालून हात फिरवून टाकतात, चेंडू मोठा असतो, पण फसवणं तेच. मी तिला माझ्या पद्धतीनं बोटं पसरून धरायचा एक हळू चेंडू शिकवला. पहिलं वर्षभर तिनं सगळ्यांना गुंडाळलं. तिची कॅचर हुइमिन, आमच्या दोन ब्लॉक पलीकडं राहते, अबोल मुलगी, आमच्याकडं येऊन थालीपीठ मागून खाते.

या वर्षी एका शाळेबरोबरच्या मॅचमध्ये मी प्रेक्षकांत बसलो होतो, आणि बघितलं की समोरच्या मुली मित्राचा हळू चेंडू सोडून राहिल्या आहेत. एक नाही, सगळ्या. ताई, मी बाकावरून उठून उभा राहिलो. आणि मॅच संपल्यावर मी काय बघतो, तं हुइमिन समोरच्या टीममधल्या एका मुलीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून राहिली आहे. मी विचारलं ती कोण, मित्रा म्हणाली तिची कझिन.

घरी जाताना आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांपाशी, थांबलो. मी म्हटलं मित्रा, हुइमिन तुझे चेंडू तिकडं सांगून राहिली आहे. तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली पप्पा, डोन्ट एनीहाऊ से लाह, म्हणजे उगाच काहीही बोलू नका. मी म्हटलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मला हे माहीत आहे, माझ्या बाबतीत झालं आहे. ती म्हणाली यू ऑल्वेज लाइक दॅट, तुम्हाला सगळे चोर वाटतात, मम्मीला विचारा. मग जेवलीच नाही. आणि मी, ताई, मी सोमवारी शाळेच्या कोचबाईंना भेटायला गेलो. पन्नाशीच्या आहेत, कडक. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या मिस्टर प्रकाश, चौदा वर्षांच्या मुलीवर तुम्ही हे म्हणताय, माझ्याकडं येण्याआधी तिला विचारलंत का. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या मग मीही हे ऐकलेलं नाही, आणि मला दार दाखवलं, शब्दशः, उघडून धरलं.

पण मित्रानं रागाच्या भरात हुइमिनला सांगून टाकलं होतं. ती मुलगी रडली नाही, भांडली नाही. म्हणाली ओके, मग शोधू कसं कळतं ते. शनिवारी दोघींनी पार्कात फोन लावला, बॅटर जिथं उभा असतो तिथं, आणि मित्रानं चाळीस चेंडू टाकले. तो व्हिडिओ दोघींनी आमच्या घरी हॉलमध्ये बसून बघितला, हळू करून, आणि मग मित्रानं मला हाक मारली. पप्पा, बघा. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. फेकायच्या आधी हात ग्लव्हमध्ये असतो, चेंडू कसा धरला ते कोणाला दिसत नाही. वेगवान चेंडूच्या वेळी तिचा ग्लव्ह मिटलेला. हळू चेंडूच्या वेळी, आत बोटं पसरतात ना, तं ग्लव्ह फुगतो, पंख्यासारखा उघडतो. प्रत्येक वेळी. हुइमिन म्हणाली अंकल, मी पण बॅटिंग करून बघितलं, कोणता चेंडू येणार ते एकदाही चुकलं नाही. मी म्हटलं मित्रा, असा हात घालायला तुला कोणी शिकवलं. ती म्हणाली यू लाह, पप्पा.

मी आत गेलो. कपाटाच्या वर एक खोकं होतं, त्यात क्लबनं दिलेली एक डिस्क होती, तिसऱ्या सीझनच्या मॅचची, मी ती कधी लावली नव्हती, मला माझी धुलाई बघायची नव्हती. सुजाताच्या जुन्या लॅपटॉपवर ती चालली. सुजाता माझ्या शेजारी बसली. उंचवट्यावर तो काळा, उंच पोट्टा उभा, पलीकडं मोरिता बसलेला, आणि दोन बोटांची खूण झाली की त्या पोट्ट्याचा ग्लव्ह असा उघडायचा जणू कोणी दार उघडलं. अकरा फोर्क, अकरा वेळा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं असतं. सुजातानं लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, मोरितानं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं नाही.

त्याला शोधायला फार वेळ लागला नाही, बागेची वेबसाईट आहे, त्यावर फोटो, केस पांढरे झालेले, हातात क्रेट. मी इंग्रजीत पत्र लिहिलं, सरळ, की मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, चूक माझ्या ग्लव्हची होती, माझ्या मुलीमुळं मला ते आता कळलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जपानीत, हातानं लिहिलेलं. सुजाताच्या ऑफिसात एक जपानी सहकारी आहेत, मी दुपारच्या सुट्टीत बिझनेस पार्कला गेलो, त्यांनी फूड कोर्टात बसून वाचून दाखवलं. मग माझा स्वभाव बघा, तेच पत्र मी दुसऱ्या एका माणसाकडूनही वाचून घेतलं, की पहिल्यानं गोड करून तं सांगितलं नाही. दोघांनी सारखंच सांगितलं.

मोरितानं लिहिलं होतं, तो डावखुरा माझ्या शाळेतला मित्र. तुझा फोर्क सगळे कसे ओळखतात हे मला समजेना, म्हणून मी त्याला जेवायला नेलं, दोन तास त्याची खुशामत केली, तेव्हा त्यानं हातानं करून दाखवलं की तुझा ग्लव्ह उघडतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तुला दाखवणार होतो, ग्लव्ह घेऊन तुझी वाट बघत होतो, तेवढ्यात मला आत बोलावलं. आणि खाली त्यानं लिहिलं होतं, त्या खोलीत मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. मी सांगितलं नाही. मला राग आला होता. नंतर दोन महिने ते तुला मारत होते, मी रोज पेपरात स्कोअर वाचायचो आणि मला बरं वाटायचं. तुझा हात गेला हे वाचलं तेव्हा बरं वाटलं नाही. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो. शेवटी प्रकृतीची काळजी घे, मुलीला शुभेच्छा, एवढं. मी माफ केलं असं त्यानं कुठं लिहिलं नाही. मी दोन्ही वाचणाऱ्यांना विचारलं, माफी आहे का त्यात कुठं, आडून तरी. दोघंही म्हणाले तसा शब्द नाही.

मी हुइमिनच्या घरी गेलो, तिच्या आईवडिलांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली ओके अंकल. तो ओके खरा की नुसता तोंडावरचा, मला माहीत नाही, पण थालीपीठ खायला ती परत आली आहे, तं मी जास्त खोलात जात नाही. मित्रा आता बोटं आधीच फाकवून ग्लव्हमध्ये घालते, प्रत्येक चेंडूला, मग तो कोणताही असो, म्हणजे ग्लव्ह बघून कोणाला काही कळत नाही. मी बाकावर बसून बघतो. अजूनही माझी नजर समोरच्या टीमच्या कोचवर, कॅमेरे घेऊन बसलेल्या पालकांवर फिरते, ते काही जाणार नाही, त्रेचाळीस वर्षांचा माणूस किती बदलणार. फक्त आता संशय आला की मी आधी माणसाजवळ जातो आणि विचारतो. अवघड जातं. कधी कधी लोकांना राग येतो. येऊ दे.

एक काम राहिलं होतं, क्लबच्या मॅनेजरला लिहायचं, की मोरिता निर्दोष होता, तिथं सगळ्यांना कळवा. ते पत्र परत आलं. क्लब बंद पडून बरीच वर्षं झाली, मॅनेजर कुठं गेले कोणाला ठाऊक नाही, त्या दुभाष्या बाईही शाळेत नाहीत. म्हणजे जिथं मी हे बोललो ती खोलीच आता उरलेली नाही, परत कुठं जाऊन सांगू. म्हणून ताई तुम्ही आलात तेव्हा, चौकशी करून का होईना, हो म्हटलं. मराठीत लिहिलेलं तिकडं कोणी वाचणार नाही मला माहीत आहे. माझ्याबद्दल काही गाळायचं असेल तं गाळा, जपानमध्ये किती चांगला खेळलो वगैरे नाही आलं तरी चालेल. पण मोरितानं फितुरी केली नव्हती एवढं नीट लिहा, त्याची बाग भरलेली राहो, त्याची पोरं सुखात राहोत, आणि छापण्याआधी एकदा मला वाचून दाखवा.